आधी पाडस, मग आई

ग्रानव्हिक, १६ सप्टेंबर

सिक्स्टन,

वर "प्रिय" लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. तेवढं समजून घे.

फोन तू उचलत नाहीस. अंगणात आले तर लाकडाच्या ढिगामागे जाऊन बसतोस, आणि मालेना दारात येऊन सांगते, "आत्या, बाबा बाहेर गेलेत." पोरगी खोटं बोलताना अजून कानापर्यंत लाल होते, एवढं तरी बरं आहे. म्हणून हे पत्र. समोरासमोर बोलायला लागले की माझा आवाज चढतो आणि तू पाठ फिरवून चालू लागतोस. कागदाचा आवाज चढत नाही. फार तर तू तो चुलीत घालशील. घाल. मी दुसरा लिहीन.

कालचं सांगते. तू तिथेच होतास, तरी सांगते, कारण तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास. शिकारगटाच्या शेडमध्ये टेबलावर मांसाचे ढीग लावलेले. मी एकेका ढिगावर बोट ठेवून विचारत होते, "हा कुणाचा?" आणि तू न बघता एकेक नाव घेत होतास. बाबा असेच उभे राहायचे. चांगला तुकडा कुणाकडे जावा यात कुणाची मर्जी नको, म्हणून नाव घेणाऱ्याने बघायचं नाही. आपल्या गावात इतर काहीही असो, ही एक गोष्ट स्वच्छ आहे असं मी समजत आले. काल शेवटच्या ढिगावर बोट ठेवलं, तू टोरेचं नाव घेतलंस, आणि टेबल संपलं. अल्रिकचा ढीग लावलेलाच नव्हता. मी विचारलं, "आणि अल्रिक?" तू भिंतीशीच बोललास, "अल्रिक आता गटात नाही."

बंदूक धरायला लागल्यापासून जो माणूस या गटात आहे, त्याला तू एका वाक्यात बाहेर काढलंस, आणि तेही वळून न बघता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी माझा वाटा टेबलावरच ठेवून निघाले, ते तुला टोरेने सांगितलंच असेल.

आता शिकारीच्या दिवसाचं. दलदलीच्या कडेला अल्रिक बसला होता. ओढ्यापलीकडच्या मचाणावर तुझा जावई येस्पर. मी वर टेकडीवर, दोघांच्याही वर. कुत्र्याने एल्क हरणाच्या मादीला झाडीतून बाहेर काढलं, तिच्या पुढे पाडस. दोन गोळ्या सुटल्या, एकीला लागून दुसरी. मादी जागीच कोसळली. पाडस अल्रिकच्या समोरून दलदल ओलांडून पळालं. अल्रिकने पाडसावर गोळी झाडली होती आणि ती हुकली. येस्परने आईवर झाडली आणि ती लागली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आधी पाडस, मग आई. हातात बंदूक द्यायच्या आधी बाबांनी आपल्याला हे शिकवलं. आई गेली तर बर्फात वाट पाडून देणारं कोणी उरत नाही, मग पाडस उपाशी मरतं, तेही सावकाश. म्हणून ज्याला पाडस नीट दिसत नसेल त्याने बंदूक खाली ठेवायची आणि दोघांनाही जाऊ द्यायचं. वर्षभराचं मांस गेलं तरी चालेल. एवढा साधा नियम आहे.

आणि शेकोटीपाशी तू काय केलंस? म्हणालास, गोळी एकच सुटली. म्हणालास, अल्रिक, ती तुझी. तो म्हणाला, "मी तर पाडसावर नेम धरला होता." तू म्हणालास, "तुला तसं वाटलं असेल." मी उभी राहून सांगितलं की येस्परने मारली, मी पाहिलं. तेव्हा तू हसून म्हणालास की यॉर्डिसला अल्रिकची बाजू घ्यायची खोड शाळेपासूनची आहे. सगळे हसले. टोरे तर कॉफी सांडेपर्यंत हसला. येस्पर सॉसेज भाजत होता, ते त्याने जाळलं. दिवसभरात त्याने तेवढंच केलं.

माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. अल्रिकच्या घरी जा आणि त्याला खरं सांग. आणि पाडस शोधायला माणसं पाठव. त्या दिवशी तुम्ही कॉफीच्या वेळेपर्यंत शोधलंत आणि मग "उद्या बघू" म्हणालात. तो उद्या अजून उजाडलेला नाही.

यॉर्डिस


ग्रानव्हिक, ४ ऑक्टोबर

सिक्स्टन,

तुझं उत्तर मिळालं. मालेनाने आणून दिलं आणि थांबली नाही. दोन ओळी. "मी माझं पाडस वाचवलं. तुला मूलबाळ नाही, तुला कळायचं नाही."

म्हणजे तुला माहीत आहे. मला वाटत होतं की येस्परने तुलाही फसवलं असेल, आणि माझा राग थोडा तरी चुकीच्या माणसावर निघत असेल. तेवढीही सोय तू ठेवली नाहीस.

बरं, माझ्या मूलबाळ नसण्याबद्दल. हे तू आईच्या अंत्यविधीनंतर बोललास, घर वाटून घेताना बोललास, आता पुन्हा. प्रत्येक वेळी तुझ्याजवळ बोलायला दुसरं काही उरत नाही तेव्हा तू हे काढतोस. मला आता त्याचं काही वाटत नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. वाटतं.

आणि मला सगळं कळतं, उगाच समजू नकोस. येस्परने गेल्या वर्षीही आईच मारली होती. तेव्हा गटाने त्याला ताकीद दिली, की पुन्हा झालं तर बाहेर. तो बाहेर गेला तर त्याच्या मालकीचं जंगल बाहेर जातं, आणि त्याच्या जंगलाशिवाय आपला गट म्हणजे चार म्हातारे आणि एक डबकं. वर मालेनाला दिवस गेलेत. नवऱ्याची गावभर छी थू होत असताना तिने बाळंतपण काढावं असं कुठल्या बापाला वाटेल? हे मी तुझ्या बाजूने लिहितेय, बघ. तुझी बाजू तुझ्यापेक्षा मीच नीट मांडतेय.

पण तू नियम उलटा वाचलास. तो नियम आपलं पाडस वाचवायचा नाहीच. मागे कोणी वाट चुकलेलं, एकटं राहू नये, यासाठी तो नियम आहे. तू तुझ्या पोरीला वाचवायला अल्रिकला एकटं पाडलंस. त्याला बायको नाही, पोरं नाहीत. त्याचं कोण भांडायला येणार, हा तू हिशोब केलास. शेकोटीपाशी बसलेल्यांतला सगळ्यांत एकटा माणूस तू निवडलास.

आता ऐक, तुझ्या त्या निवडीचं पुढे काय झालं.

मी गुरुवारी त्याच्याकडे वाटाण्याचं सूप घेऊन गेले. नेहमी जाते. तो टेबलाशी बसून कागदावर घड्याळं काढत होता. गोल, काटे, आकडे. पानभर घड्याळं. मी विचारलं, हे काय? म्हणाला, दवाखान्यात जायचंय, तिथे विसराळू लोकांना घड्याळ काढायला लावतात, म्हणून सराव करतोय. मी म्हणाले, तुला काय धाड भरलीय? तर म्हणाला, "यॉर्डिस, मी एक आई मारली आणि मला ते आठवत नाही."

मी सांगितलं त्याला. सगळं सांगितलं, टेकडीवरून काय दिसलं ते. त्याने माझा हात थोपटला आणि म्हणाला, "तू चांगली आहेस म्हणून असं बोलतेस." मग म्हणाला की तू येऊन गेलास. केक घेऊन. बसलास, कॉफी प्यायलास, आणि म्हणालास की वय झालं की होतं असं, कुणी तुला दोष देत नाही. उन्हाळ्यात त्याची कॉफीची किटली चुलीवर जळाली होती ना, त्याचीही तू आठवण करून दिलीस.

केक घेऊन गेलास. शिव्या दिल्या असत्यास तर त्याने तुला उलट दिल्या असत्या आणि स्वतःवरचा विश्वास शाबूत राहिला असता. तू मायेने बोललास, म्हणून त्याला ते खरं वाटलं. त्याचं गटातलं नाव काढलंस, मांसाचा वाटा काढलास, हे मी कदाचित कधीतरी विसरले असते. पण माणसाच्या डोक्यात शिरून त्याने जे स्वतः पाहिलं ते पुसायचं, याला मी काय म्हणू? माझ्याकडे शब्द नाही, आणि मी शब्दांना कधी कमी पडत नाही, तुला माहीत आहे.

दवाखान्यात त्याने घड्याळ बरोबर काढलं. डॉक्टर म्हणाल्या सगळं ठीक आहे. तर तो आणखीच घाबरला. त्याला वाटतं, डॉक्टरांनाही कळलं नाही.

यॉर्डिस


ग्रानव्हिक, २९ ऑक्टोबर

सिक्स्टन,

बिर्क येस्परकडे गेला.

मला आज दुकानात कळलं, दुधाच्या कपाटाजवळ. टोरे म्हणाला, "अल्रिकने कुत्रा दिला येस्परला, चांगलं केलं, एवढा गुणी कुत्रा वाया जायचा." मी दूध तिथेच ठेवलं आणि गाडी काढून अल्रिककडे गेले. खरं होतं. बिर्कची वाटी धुऊन पालथी घातलेली. तो म्हणाला, ज्याचं डोकं चालत नाही त्याने कुत्रा बाळगू नये, कुत्र्याला खायला घालायचं विसरलो तर? आणि सिक्स्टन म्हणाला, येस्परला चांगल्या कुत्र्याची गरज आहे.

तू म्हणालास. म्हणजे आई मारली येस्परने, आणि बक्षीस म्हणून ज्याच्यावर आळ घातला त्याचाच कुत्रा त्याला. मी हे तीन वेळा लिहून बघितलं, प्रत्येक वेळी तेवढंच घाण दिसतं.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने शिव्या दिल्या. एकटी राहण्याचा तेवढा एक फायदा आहे. मग बसले आणि स्वतःला एक गोष्ट विचारली, जी तू शेकोटीपाशी हसण्यावारी नेली होतीस. मी हे सगळं न्यायासाठी करतेय की अल्रिकसाठी? अल्रिकच्या जागी टोरे असता, मला न आवडणारा, सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसणारा, तर मी एवढी पत्रं लिहिली असती का? खूप वेळ विचार केला. दोन लिहिली असती. दोन नक्की. तिसरं लिहिलं नसतं.

म्हणजे तुझं बोलणं अगदीच खोटं नाही. मला अल्रिक आवडतो. यापुढे त्यावर कुणी हसायचं असेल त्याने हसावं. पण त्याने येस्परची गोळी अल्रिकची होत नाही. मला तो आवडतो म्हणून मी टेकडीवरून जास्त पाहिलं असं नाही, मला तो आवडतो म्हणून मी पाहिलेलं सोडून देत नाही. दोन्हींत फरक आहे, आणि तुझ्याबाबतही आहे. तुला मालेना प्यारी आहे यात वाईट काही नाही. त्या मायेपायी तू काय करायला तयार झालास, ते वाईट आहे. तू एकदा तरी असा बसलास का रे? रात्री नको, सकाळी, डोकं ताजं असताना. मी हे कुणासाठी करतोय आणि त्याची किंमत कोण भरतोय, असं स्वतःला विचारायला?

आणखी एक. पाडस सापडलं. म्हणजे त्यानेच मला शोधलं. परवा सकाळी माझ्या सफरचंदाच्या झाडाखाली उभं होतं, पडलेली फळं हुंगत. बरगड्या दिसतात. मी खिडकी उघडली तरी पळालं नाही, नुसतं बघत राहिलं. ज्याला आईने शिकवलेलं असतं ते माणूस दिसला की पळतं.

हे गटाचं काम आहे आणि परवानगी गटप्रमुखाने द्यायची. पाडसाचा कोटा शिल्लक आहे, हंगाम चालू आहे. लिही "मार", एवढा एक शब्द पुरे. की तुला वाटतं, बर्फ पडेपर्यंत थांबावं, म्हणजे कुणाला काही करावंच लागणार नाही?

यॉर्डिस


ग्रानव्हिक, ४ डिसेंबर

सिक्स्टन,

तू "मार" लिहिलं नाहीस. मालेना मात्र येऊन गेली. तिच्याबद्दल शेवटी लिहिते, आधी अल्रिकचं.

दलदल गोठली. मी तिचीच वाट बघत होते. अल्रिक बसला होता तिथून पाडस ज्या बाजूला पळालं, तिकडे दलदलीपलीकडे पाइनची चार झाडं आहेत, आणि जमीन कडक झाल्याशिवाय तिकडे कुणाला जाता येत नाही, हे तुलाही माहीत आहे. तुझ्या नशिबाने सप्टेंबरात चिखल होता.

मी अल्रिकला म्हणाले, चल. तो म्हणाला, कशाला? मी म्हणाले, माझ्यावर उपकार कर आणि तोंड बंद ठेव. तो त्याच्या जुन्या जागी दगडावर बसला. मी म्हणाले, आता सांग. तो म्हणाला, मला आठवत नाही ना. मी म्हणाले, आठवू नकोस, नुसतं बघ, पाडस कुठून आलं ते बोटाने दाखव. त्याचा हात आपोआप उठला. तिथून, म्हणाला. त्या वाकड्या झाडाजवळून. आई मागे होती, अर्धी फांद्यांत. पाडस वळलं, मी थोडा वर धरला. मी त्याच्या बोटाच्या रेषेत बर्फातून चालत गेले. तिसरं पाइन. माझ्या डोक्याच्या वर एक हात, सालीत गोळीचं भोक, भोवती डिंक गळून कडक झालेला.

मी हाक मारली. तो आला, हातमोजा काढला आणि भोकात बोट घातलं. मग हसायला लागला. सिक्स्टन, त्या माणसाला एवढं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, "चुकलो. बघ, केवढा वर गेलो. एवढा भिकार नेम आयुष्यात कधी धरला नव्हता." नेम चुकला म्हणून आनंदाने रडणारा शिकारी मी पहिल्यांदाच बघितला. त्याचं डोकं त्याला परत मिळालं.

परत येताना तो सरळ येस्परच्या अंगणात गेला. मी गाडीतच बसले होते. येस्पर पायरीवर उभा होता, मालेना त्याच्या मागे. अल्रिकने शीळ घातली. बिर्क साखळीसकट आला, साखळी आणि खुंटी दोन्ही. अल्रिक येस्परला एवढंच म्हणाला, "हा माझा आहे. माझं डोकं ठीक आहे."

आता तू घाबरू नकोस. मी गाडीतच म्हणाले होते की आजच गावभर सांगते, चर्चपासून दुकानापर्यंत. तर अल्रिक म्हणतो, नको. म्हणतो, "मालेनाचं बाळ होऊ दे. मला माहीत आहे मी काय केलं, मला पुरतं." मी त्याच्यावर इतकी चिडले की वळण चुकले. याच चांगुलपणावर तुम्ही सगळे पोसलात, म्हणाले. त्याला पुरत असेल, मला पुरत नाही. तो म्हणाला, "पण आळ माझ्यावर होता, तुझ्यावर नव्हता."

यावर मी आठवडाभर विचार केला. राग माझा आहे, पण गोष्ट त्याची आहे. ती गावाला द्यायची की नाही, हे त्याने ठरवायचं. मला ते पटत नाही, तरी मी ते मान्य केलं. म्हणून मी येस्परचं नाव कुठे घेणार नाही. तू मला ओळखतोस, शब्द दिला की दिला.

पण पाडस अल्रिकचं नाही. ते कुणा एकाचं नाही, ते गटाचं आहे, आणि मी गटात आहे. काल ते माझ्या लाकडाच्या शेडला टेकून उभं होतं, गुडघ्यापर्यंत बर्फात, आणि पाय उचलून टाकायला त्याला विचार करावा लागत होता. तुम्ही शनिवारी हाकाऱ्याला निघाल, सगळे आपापल्या जागी रेडिओ कानाला लावून बसलेले असाल. त्या वेळी मी गटाच्या चॅनलवर गटप्रमुखांना परवानगी मागीन. सगळ्यांना ऐकू जाईल अशी. काय उत्तर द्यायचं ते तोवर ठरव.

आणि मालेना. ती माझ्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, "आत्या, येस्पर झोपत नाही. बाबा म्हणतात सगळं निवळेल. मला कुणीच काही सांगत नाही, आणि मला सगळं माहीत आहे." ती लाल झाली नव्हती. ज्या पोरीसाठी तू हे केलंस, ती तुझ्याकडे यायच्याऐवजी माझ्याकडे आली, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

यॉर्डिस


ग्रानव्हिक, ८ डिसेंबर

सिक्स्टन,

आपण परवा एकत्र होतो आणि चार वाक्यंही बोललो नाही, तेव्हा हे पुन्हा कागदावर.

मी रेडिओवर काय बोलले ते तू ऐकलंस. "यॉर्डिस बोलतेय. माझ्या शेडपाशी एकटं पाडस आहे. सप्टेंबरात दलदलीपाशी ज्याची आई पडली, ते. गटप्रमुख, काय करू?" टोरेचा खोकला ऐकू आला, तेवढाच. मला वाटलं तू रेडिओ बंद केलास. मग तू म्हणालास, "मी येतो. तू थांब."

आलास. एका गोळीत झालं. बाबांच्या हाताने झालं असतं तितकं नीट. मग तू माझ्या लाकडं फोडायच्या ओंडक्यावर टोपी काढून बसलास आणि म्हणालास, "किती लहान राहिलंय गं." या सबंध मोसमात मी पहिल्यांदा गप्प बसले, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

आता गटाच्या शेडमधलं. हे तुला माहीत नाही, कारण तू भिंतीकडे तोंड करून होतास.

पाडसाचं मांस ते किती, ओंजळी ओंजळीचे ढीग. तरी तू सगळे लावायला लावलेस. मी अल्रिकला सुऱ्यांना धार लावायला बोलावलं होतं, नेहमी तोच लावतो, आणि तो दारात उभा होता. बिर्क बाहेर बांधलेला. तू वळायच्या आधी त्याला पाहिलंस की नाही, मला ठाऊक नाही. मी पहिल्या ढिगावर बोट ठेवलं. "हा कुणाचा?" तू इतका वेळ गप्प राहिलास की येस्परने बादली खाली ठेवली. मग तू म्हणालास, "अल्रिकचा."

टोरे येस्परकडे बघायला लागला. मग एकेक जण. मी दिलेला शब्द पाळला. पण गटातल्या प्रत्येकाला शिकार कळते. अल्रिक निर्दोष असेल तर त्या दिवशी ओढ्यापलीकडे कोण बसलं होतं, हे सांगायला कुणी लागत नाही. पुढे तू येस्परचं नाव घेतलंस तेव्हा "माझा अल्रिकच्या ढिगात टाका" असं तो स्वतःच म्हणाला, ते तू ऐकलंस. तो मालेनापेक्षाही लाल झाला होता, ते तुला दिसलं नाही.

आणि अल्रिक. तू नाव घेतलंस तेव्हा त्याने टोपी काढली नाही, डोळे पुसले नाहीत, तुला वाटलं असेल तसं काही नाही. तो टेबलापाशी आला, आपल्या ढिगातलं नळीचं हाड उचललं, हातात तोललं आणि मला हळूच म्हणाला, "सप्टेंबरात मी नीट मारलं असतं तर याला एवढं सोसावं लागलं नसतं. तेवढं माझं." मग ते बिर्कला द्यायला बाहेर गेला.

मी तीन महिने तुझ्यावर ओरडतेय आणि तू तीन महिने मालेनाच्या नावामागे लपतोयस. आणि हा माणूस, ज्याच्यावर आपण सगळ्यांनी सगळं लादलं, त्याने त्यातलं आपलं तेवढं वेगळं काढलं आणि उचललं. जास्त नाही, कमी नाही. येस्परने परवा थोडं उचललं, नाही म्हणत नाही. तुझं अजून टेबलावर पडलंय, सिक्स्टन. नाव घेतलंस, बरं केलंस. पण ते भिंतीला सांगितलंस. त्याला नाही.

मी अजून रागावलेली आहे. हे पत्र वाचून तुला दुसरं काही वाटलं तर तो गैरसमज आहे.

गुरुवारी वाटाण्याचं सूप आहे आणि पॅनकेक. यापुढे अल्रिक माझ्याकडे जेवतो, सूप घेऊन बर्फातून जायचा मला कंटाळा आला. चार खुर्च्या आहेत. मालेनाला आण, तिला बसायला नीट जागा करीन. त्याच्या समोर बस, त्याच्या तोंडाकडे बघ आणि तुला काय सांगायचं ते सांग.

येताना केक आणू नकोस.

यॉर्डिस